राहून गेलेले उत्तर

आमच्या घरी आईचे एक जुने प्रार्थनापुस्तक आहे. त्याची पाने पिवळी पडली आहेत, शिवण सैल झाली आहे. ते हातात घेतले की एका ठरावीक पानावरच उघडते. कारण कित्येक वर्षे त्या पानात एका पक्ष्याच्या शेपटीचे पीस ठेवलेले होते. काळेभोर, वीतभराहून लांब, मधली दांडी अगदी उघडी आणि टोकाला पळीसारखी चकती. घरातल्या मुलांना त्याचे मोठे अप्रूप होते. पाहुण्यांनाही ते दाखवले जाई. ते पीस म्हणजे मला कोणीतरी विचारलेला एक प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर माझ्याकडून राहून गेले आहे, ही गोष्ट मात्र मी कधी कोणाला सांगितली नाही. आज ती सांगावीशी वाटते.

माझे वडील रेल्वेत होते. १९६० साली त्यांची बदली नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगरला झाली. वसईच्या केळीच्या बागांतून उठून आमचे कुटुंब एकदम मराठवाड्याच्या काळ्या मातीत जाऊन पडले. गावातली जुनी माणसे तेव्हाही गावाला ‘वाढोणा’च म्हणत. मुदखेडहून आदिलाबादकडे जाणारी ती अरुंद रूळांची मीटर गेज गाडी, परमेश्वराच्या मंदिरातली महाशिवरात्रीची यात्रा, पलीकडे पैनगंगा, सहस्रकुंडाचा धबधबा आणि त्याहीपलीकडे किनवटचे सागवानाचे रान, एवढे आमचे जग होते. गावात ख्रिस्ती असे आमचे एकच घर. नाताळला आई करंज्या करून शेजारीपाजारी वाटायची आणि दिवाळीला आमच्या घरी सात घरांचा फराळ यायचा. मिस्सा मात्र वर्षातून एकदोनदाच, तीही दूर जाऊन ऐकायला मिळे. आई त्या प्रार्थनापुस्तकावरच रविवार साजरा करी.

शाळेत मला जे गुरुजी लाभले, त्यांचे नाव येथे देत नाही. त्यांना ते आवडले नसते. निजामाच्या राजवटीत त्यांचे शिक्षण उर्दूतून झाले होते. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि पुढे गुरुजी मराठी शाळेत मास्तर झाले. त्यांचे मराठी अक्षर थोडे उजवीकडे झुकलेले असे, आणि बोलण्यात ‘खुलासा’, ‘तपशील’, ‘फुरसत’ हे शब्द सारखे येत. इंग्रजी त्यांना वाचता येई, पण अडखळत. त्याची त्यांना फार लाज वाटे.

या माणसाला पाखरांचा नाद होता. गावात त्यांची थोडी थट्टाही होई. शाळा सुटल्यावर ते स्टेशनाजवळच्या लिंबाखाली येऊन बसत आणि सातभाईंचा थवा पाचोळा उलथताना तासन् तास पाहत. एकदा त्या थव्यात एक निराळेच, अंगाने मोठे, खादाड पिलू आम्हांला दिसले. गुरुजी म्हणाले, “हे पावशाचं लेकरू आहे. त्याची माय सातभाईच्या खोप्यात अंडं ठेवून निघून गेली. ह्या बिचाऱ्यांना काय ठाऊक? आपलं समजून चारतात.” मृगाच्या आधी ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ म्हणून शेतकऱ्याला जागा करणारा पावशा स्वतःची पिले दुसऱ्यांच्या पदरात टाकतो, हे ऐकून मी हिरमुसलो होतो. गुरुजींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाले, “पाखराचा न्याय करू नये, बाळा. पाहावं आणि लिहून ठेवावं.”

ते खरोखरच लिहून ठेवीत. त्यांच्याकडे हिशेबाच्या लांबट वह्या होत्या. विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे किती खोपे लागले, त्यांतले किती अर्धवट राहिले, टिटवीने अंडी कोणत्या बांधावर घातली, चातक कोणत्या दिवशी आला, हे सारे त्यात तारीखवार असे. काही नोंदी मराठीत, काही उर्दूत. त्या वह्या त्यांच्याखेरीज कोणी वाचीत नसे.

१९६७ मध्ये वडिलांची बदली झाली आणि आम्ही वसईला परतलो. मी पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकलो आणि १९७५ साली फोर्ट विभागातल्या एका कचेरीत नोकरीला लागलो. गुरुजींशी पत्रव्यवहार सुरू राहिला. सुरू राहिला म्हणजे त्यांनी तो सुरू ठेवला. त्यांची तीन पत्रे आली की माझे एक जाई. ‘चिरंजीवास अनेक आशीर्वाद’ असा त्यांच्या पोस्टकार्डाचा प्रारंभ असे. त्यानंतर पावसापाण्याची हकीकत आणि मग मुख्य मजकूर, म्हणजे पाखरे. शेवटच्या ओळी जागा न उरल्याने कडेने आडव्या लिहिलेल्या असत. निवृत्त झाल्यावर त्यांची पत्रे वाढली. डोळे अधू होत होते, पाय दुखत होते, सोबतीचे कोणी नव्हते. पत्रांमध्ये याची तक्रार नसे. तक्रार एकच असे: “इथे कोणाशी ताडून पाहावे असे माणूस नाही.”

१९८३ च्या जानेवारीत त्यांचे एक जाडजूड पाकीट आले. त्यात हे पीस होते आणि दोन्ही बाजूंनी लिहिलेला ताव होता. आदल्या दिवाळीत ते एका नातेवाइकाबरोबर किनवटच्या रानात गेले होते. तेथे त्यांना भृंगराज दिसला. आपल्या नेहमीच्या कोतवालाचा हा रानातला थोरला भाऊ. त्याच्या शेपटीची दोन टोकाची पिसे लांबच लांब वाढतात, दांडी उघडी राहते आणि शेवटी चकती असते. तो उडू लागला की जणू दोन भुंगे त्याच्या पाठी लागले आहेत असे वाटते. गुरुजींना झाडाखाली त्याचे हे गळालेले पीस सापडले. घरी आणून त्यांनी ते भिंगाखाली धरले आणि त्यांना एक शंका आली.

शंका अशी होती. पिसाच्या मधल्या दांडीला दोन्ही अंगांनी झालर असते, एक आतल्या बाजूची आणि एक बाहेरची. नांदेडच्या एका ग्रंथालयात कोणीतरी त्यांना एका जुन्या इंग्रजी पुस्तकातून वाचून दाखवले होते की, भृंगराजाच्या या पिसाला आतली झालर नसते. टोकाची चकती ही बाहेरच्या झालरीची असते. गुरुजींनी लिहिले होते: “पुस्तक थोरांचे आहे. परंतु माझ्या हातातील पिसाला चकतीच्या किंचित वर पीळ आहे. पीळ उलगडून पाहता चकती आतल्या झालरीची ठरते. पिळामुळे ती बाहेरची भासते. माझे डोळे म्हातारे झाले आहेत, तरी खुलासा व्हावा. डॉ. सालिम अली मुंबईतच असतात. तुझ्या कचेरीपासून त्यांची संस्था लांब नसावी. माझे इंग्रजी तुला ठाऊक आहे, म्हणून मी लिहीत नाही. तू हे पीस घेऊन जावे आणि माझ्या वतीने विचारावे.”

लांब नव्हतीच. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे हॉर्नबिल हाउस लायन गेटसमोर आहे. माझ्या कचेरीतून पायी दहा मिनिटांची वाट. मी गुरुजींना उत्तर लिहिले, ‘अवश्य जातो.’ पीस हरवू नये म्हणून घरी आणून आईच्या प्रार्थनापुस्तकात ठेवले.

मी गेलो नाही. त्याला एकच कारण नव्हते. कचेरीतून सुटलो की चर्चगेटची गाडी गाठायची घाई असे. घरी लहान मुले होती, आईचे दुखणे होते. पण खरे सांगायचे तर मला संकोच वाटत होता. एवढ्या जगप्रसिद्ध माणसापुढे जाऊन एका खेड्यातल्या निवृत्त मास्तरांची शंका मांडायची, आणि तीही पुस्तकच चुकले असावे अशी! ते हसतील, दारावरचा मनुष्यच हटकील, असे वाटे. गुरुजींचे काही चुकले असेल आणि त्यांना ते कळवावे लागेल, अशीही भीती होती. त्यांनी तीनचार वेळा हळुवारपणे आठवण केली. ‘फुरसत झाली का?’ एवढेच विचारीत. मी प्रत्येक वेळी ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणून लिहीत असे.

२० जून १९८७ रोजी सालिम अली नव्वदाव्या वर्षी निवर्तले. वृत्तपत्रांत मोठमोठे लेख आले. जुलैच्या पहिल्या आठवड्यात गुरुजींचे कार्ड आले. पावसाची हकीकत, सातभाईंची हकीकत, आणि कडेच्या आडव्या ओळीत: “आता हॉर्नबिल हाउसला जाण्याचे कारण उरले नाही. तू मनास लावून घेऊ नये.”

मी मनास लावून घेतलेही नाही. किंवा घेतले असेल तर ते दडपून टाकले. १९९२ मध्ये गुरुजी गेले. बातमी पोहोचेपर्यंत त्यांचा तेरावाही होऊन गेला होता. मी त्यांच्या मुलाला दोन ओळींचे सांत्वनपत्र पाठवले आणि त्या गावाशी असलेला माझा संबंध तेथे संपला.

पुढे मीही निवृत्त झालो. २०१४ साली ग्रंथालयात सालिम अलींचे इंग्रजी आत्मचरित्र हाती आले. ते १९८५ साली, त्यांच्या वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी प्रसिद्ध झालेले आहे. त्याचे नाव ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’, म्हणजे चिमणीचे पडणे. हे शब्द शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये येतात आणि त्यांच्या मागे मत्तयच्या शुभवर्तमानातील चिमण्यांचे वचन आहे, हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. त्या नावानेच मी ते पुस्तक उचलले.

त्यातली चिमणी मात्र खरीखुरी होती. मुंबईतल्या या पोरक्या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे घरात कोणास सांगता येईना. मामा अमिरुद्दीन तय्यबजी हे शिकारी आणि नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद. त्यांनी सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलर्ड यांच्या नावे एक ओळखपत्र लिहून दिले. १९०८ च्या सुमाराची ही गोष्ट. ते पत्र आणि कागदात गुंडाळलेली मेलेली चिमणी घेऊन मुलगा भीतभीतच गोऱ्या साहेबाच्या दारात उभा राहिला. साहेब हसला नाही. त्याने पिवळ्या गळ्याची ती रानचिमणी ओळखून दाखवली, खण उघडून पेंढा भरलेले नाना पक्षी पुढे मांडले आणि वाचायला पुस्तके दिली. एका आयुष्याची दिशा त्या दिवशी ठरली.

हे वाचताना मी थांबलो. मामांचे ते चिठ्ठीवजा पत्र आणि प्रार्थनापुस्तकातले माझ्याकडचे पीस मला एकदम शेजारी शेजारी दिसले. मी विद्यार्थी होतो त्या सेंट झेवियर्स कॉलेजात फादर ब्लॅटर यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह आहे. मी कॉलेजात गेलो त्याच वर्षी, १९७० च्या जानेवारीत, फादर सांतापाव वारले. हे येशूसंघीय धर्मगुरू भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक होते आणि नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाच्या संपादनातही त्यांचा हात होता. म्हणजे आपल्याच लोकांनी त्या घराची वाट कधीची मळवून ठेवली होती. मी कॉलेजातल्या कोणाही प्राध्यापकाला विचारले असते तरी मला एक ओळखपत्र मिळाले असते. मी विचारलेच नव्हते.

आणखी काही पाने उलटली आणि मला खरा धक्का बसला.

१९२८ साली ह्यू व्हिसलर या इंग्रज पक्षितज्ज्ञाने भारतीय पक्ष्यांवर एक सर्वमान्य हस्तपुस्तक प्रसिद्ध केले. व्हिसलर पंजाबात पोलीस अधिकारी होते आणि निवृत्तीनंतर इंग्लंडात राहून भारतीय पक्ष्यांचाच अभ्यास करीत. भृंगराजाच्या लांब पिसांना आतली झालर नसते, ही जुन्या ग्रंथांतून चालत आलेली समजूत त्यांच्याकडूनही तशीच छापली गेली. त्यावर १९२९ च्या सुमारास सोसायटीच्या नियतकालिकात एक लहानसे टिपण आले. या पिसाच्या दांडीला चकतीच्या वर पीळ असतो; चकती आतल्या झालरीचीच असून पिळामुळे ती बाहेरची भासते, असे त्यात दाखवून दिले होते. टिपण लिहिणाऱ्या तिशीतल्या तरुणाचे नाव सालिम अली. तेव्हा त्यांना फारसे कोणी ओळखत नव्हते.

व्हिसलर चिडले. कोण हा अनोळखी हिंदी मनुष्य, अशा रोखाची पत्रे त्यांनी संपादकांना पाठवली. पण मग त्यांनी आपल्याजवळची पिसे काढून पुन्हा तपासली आणि चूक आपलीच असल्याचे मान्य केले. इतकेच करून ते थांबले नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी या तरुणाला आपला स्नेही मानले. समुद्राच्या दोन तीरांवरून दोघांचा पत्रव्यवहार १९४३ साली व्हिसलर मरण पावेपर्यंत चालू होता.

त्या पत्रव्यवहाराचे पहिले मोठे फळ आपल्या मराठवाड्याच्या वाट्याला आले आहे. जर्मनीतून शिक्षण घेऊन परतलेल्या सालिम अलींना १९३० मध्ये नोकरी नव्हती. त्यांनी संस्थानिकांपुढे प्रस्ताव ठेवला की, मला वेतन नको; केवळ खर्च द्या, मी तुमच्या राज्यातील पक्ष्यांची पाहणी करून देतो. हैदराबाद संस्थानाने तो मान्य केला. पत्नी तेहमिना यांना बरोबर घेऊन ते संस्थानात फिरले. गोळा केलेले पक्षी व्हिसलरांनी तपासले, आणि १९३३-३४ मध्ये ‘हैदराबाद स्टेट ऑर्निथॉलॉजिकल सर्वे’ या नावाने ती पाहणी क्रमशः छापली गेली, सालिम अलींची नोंद आणि खाली व्हिसलरांची टीप, अशा स्वरूपात. आमचे हिमायतनगर त्याच संस्थानातले. ज्या राज्याच्या शाळेत गुरुजी उर्दू मुळाक्षरे गिरवीत होते, त्याच राज्याच्या रानांतून त्याच काळात हा मनुष्य दुर्बीण घेऊन हिंडत होता.

सालिम अलींच्या वार्धक्याविषयी पुढे मी मिळेल ते वाचले. वय झाल्यावर माणसे मागच्या आठवणींत रमतात. यांचा टपालाचा व्याप वाढतच गेला. अमेरिकेतल्या डिलन रिप्ली यांच्याबरोबर त्यांनी भारतीय उपखंडातील पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात पुरा केला, तेव्हा त्यांचे वय ७८ झाले होते. सिंगापूरचे लोक वान थो हे त्यांचे परममित्र १९६४ च्या विमान अपघातात गेले. त्या मैत्रीलाही पत्रांचाच आधार होता. केरळातल्या सायलेंट व्हॅलीचे जंगल धरणाखाली बुडू नये म्हणून वयाच्या ऐंशीच्या पुढे त्यांनी सत्ताधाऱ्यांना पत्रे लिहिली. इंदिरा गांधींशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहाराची हकीकत जयराम रमेश यांच्या २०१७ साली आलेल्या पुस्तकात वाचावयास मिळते. सोसायटीने त्यांच्या पुढाकाराने हजारो पक्ष्यांच्या पायांत अॅल्युमिनियमची कडी घालून त्यांना सोडून दिले. त्या कड्यावर ‘मुंबईच्या सोसायटीस कळवा’ एवढाच इंग्रजी मजकूर असे. कोठल्या तरी दूरच्या तळ्याकाठी ज्याला ते कडे सापडेल, त्या अनोळखी माणसाने पत्र लिहावे, या भरवशावर ते सारे काम उभे होते.

१९७६ मध्ये त्यांना मिळालेल्या आंतरराष्ट्रीय पारितोषिकाची ५०,००० डॉलरची रक्कम त्यांनी सोसायटीच्या कामासाठी देऊन टाकली, हे पुष्कळांना ठाऊक आहे. मला त्याहून मोठी वाटली ती दुसरी गोष्ट. मेनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रज कर्नलने १९३७ च्या अफगाणिस्तानच्या प्रवासात सोबत असलेल्या सालिम अलींविषयी आपल्या खाजगी रोजनिशीत तुच्छतेने लिहून ठेवले होते. म्हातारपणी सालिम अलींनी तो मजकूर स्वतःच्या आत्मचरित्रात आपण होऊन छापला, आणि हसत हसत छापला. असा मनुष्य माझ्या गुरुजींना हसला असता काय?

मी ग्रंथालयातून घरी आलो, प्रार्थनापुस्तक उघडले आणि त्या पिसाकडे एकतीस वर्षांनी प्रथमच नीट पाहिले. चष्मा लावून, खिडकीपाशी नेऊन. चकतीच्या थोडे वर पीळ होता. बोटांनी अलगद उलगडला तर चकती आत वळली. गुरुजींचे म्हणणे अक्षरशः बरोबर होते. हिमायतनगरच्या एका म्हाताऱ्या मास्तरांनी अधू डोळ्यांनी, उधारीच्या भिंगातून जे पाहिले, तेच पाहून एके काळी सालिम अलींनी थोरांच्या ग्रंथातली चूक दाखवली होती. त्या दहा मिनिटांच्या वाटेच्या टोकाशी असा एक वृद्ध मनुष्य बसला होता, ज्याला हा प्रश्न ऐकून स्वतःचे तरुणपण आठवले असते. दोन म्हाताऱ्यांची पत्रे सुरू झाली असती. ‘इथे कोणाशी ताडून पाहावे असे माणूस नाही’, ही गुरुजींची एकुलती एक तक्रार मिटली असती. मध्ये मी उभा होतो, म्हणून ते झाले नाही.

मी कुमसारात हे सांगितले. फादरांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “ज्यांचे देणे आहे ते गेले असतील, तर त्यांच्या माणसांना द्या.” मग मी हिमायतनगरला पत्र लिहिले. गुरुजींच्या घरी आता त्यांची नात असते. तीही शिक्षिका आहे. मी सर्व हकीकत कळवली. भृंगराजाच्या पिसाचा खुलासा, सालिम अलींचे टिपण, व्हिसलरांचा राग आणि त्यांचा कबुलीजबाब. शेवटी क्षमा मागितली. पंधरा दिवसांनी ताईंचे उत्तर आले: “काका, आजोबांच्या वह्या आमच्याकडे आहेत. तुम्हीच एकदा येऊन पाहा.”

त्या हिवाळ्यात मी नांदेडमार्गे रेल्वेने गेलो. मीटर गेज जाऊन तेथे आता रुंद रूळ आले आहेत. लिंब मात्र दिसला नाही. ताईंनी वह्यांची चळत पुढे ठेवली. १९८२ ची वही उघडली. पिसाची नोंद सापडली. शेजारी शिसपेन्सिलीने काढलेले चित्र होते, पीळ दोनदा गिरवलेला. खाली लिहिले होते, “चकती आतल्या झालरीची. खात्री.” म्हणजे उत्तर त्यांना ठाऊक होते. त्यांना हवा होता तो फक्त दुसऱ्या कोणाचा तरी होकार. त्याखाली निरनिराळ्या शाईने चार वेळा, चार तारखा घालून एकच ओळ होती: “मुंबईहून उत्तर यायचे आहे.” आणि शेवटच्या तारखेपुढे कंसात, बहुधा वही पाहणाऱ्या एखाद्याने मला बोल लावू नये म्हणून, तीन शब्द: “पोरगा कामात असतो.”

ताई चहा आणायला आत गेल्या. ते बरे झाले.

पीस मी तेथेच ठेवून आलो. ते आता गुरुजींच्या वहीत, त्या चित्राशेजारी आहे. दुसऱ्या दिवशी ताईंच्या शाळेत मुलांनी पिळाचा खेळ पुन्हा पुन्हा करून पाहिला. मी त्यांना माझा वसईचा पत्ता लिहून दिला आणि सांगितले की, काही विचारायचे असेल तर लिहा. मी पक्षितज्ज्ञ नाही, पण ज्यांना ठाऊक आहे त्यांच्याकडे जाईन. फोनवर सगळे मिळते अशा या दिवसांत कोण पत्र लिहिणार, असे मला वाटले होते. तरी वर्षाकाठी पाचसहा येतात. काही वह्यांच्या फाडलेल्या पानांवर असतात.

गेल्या आठवड्यात सहावीतल्या एका मुलीचे आले. शेताच्या बांधावर टिटवीने चार अंडी घातली आहेत. भर दुपारी माती तापते तेव्हा टिटवी ओले पोट घेऊन येते आणि अंड्यांवर बसते. ती हे मुद्दाम करते की न्हाऊन येते म्हणून सहज होते, असे तिने विचारले आहे. पाणी आणून अंडी गार ठेवण्याची टिटवीची रीत पुस्तकांत नोंदलेली आहे, एवढे मला ठाऊक होते. ‘मुद्दाम’ या शब्दाचे उत्तर मला देता येईना. तसे मी तिला त्याच दिवशी कळवले. “तू पाहिलेस ते खरे आहे. दिवसातून किती वेळा येते ते मोजून, तारीख घालून लिहून ठेव. पुढचे मी विचारून सांगतो,” असे लिहिले आणि संध्याकाळच्या टपालाच्या आत पेटीत टाकून आलो.

उद्या सकाळची गाडी पकडून मी हॉर्नबिल हाउसला जाणार आहे.